डाव्या गालावरचा वारा

देलियाच्या डाव्या गालात जे होतं, त्याला दुखणं म्हणायला ती स्वतः तयार नसे. दुखतो तो गुडघा, दुखते ती कंबर. हे वेगळंच प्रकरण होतं. पाण्याचा घोट, ब्रशचा एक केस, नवऱ्याने लाडाने गालावरून फिरवलेलं बोट, एवढ्याशा निमित्ताने कानापासून हनुवटीपर्यंत विजेची तार तुटून पडल्यासारखा लोळ यायचा आणि ती होती तिथे थिजायची. लोळ जायचाही तसाच, झटक्यात. मागे ना सूज, ना ताप, ना डाग. त्यामुळे लोकांना खरं वाटत नसे. कोर्रिएन्तेस शहरातल्या दंतवैद्याने तिच्या दोन धडधाकट दाढा उपटल्या. तिसरीला पकड लावताना त्यालाच शंका आली आणि त्याने तिला मेंदूच्या डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टरने सांगितलं की चेहऱ्याची नस बिघडली आहे, दात बिचारे निरपराध होते.

"कशाकशाने येतं?" डॉक्टरने विचारलं.

"खाल्ल्याने, हसल्याने, वाऱ्याने. बोलल्याने सुद्धा," देलिया म्हणाली. "आणि डॉक्टर, मी रेडिओवर बोलते."

बोलण्यावरच तिचं पोट होतं. पाराना नदीकाठच्या त्या गरम शहरात लोक तिला चेहऱ्याने ओळखत नसत, पण भाजीवाल्याकडे तिने "अर्धा किलो टोमॅटो" म्हटलं की मागचा माणूस वळून बघायचा. मग एका उन्हाळ्यात मालकाने स्टेशन प्रवचनं करणाऱ्या एका मंडळीला विकून टाकलं. नोकरी गेली आणि नोकरीबरोबर येणारा आरोग्य विमाही गेला. डॉक्टर म्हणत होता की गालातून सुई घालून नस थोडी जाळली तर बराच आराम पडेल. पण विम्याशिवाय ती सुई म्हणजे आभाळातला चंद्र.

सेहेचाळिसाव्या वर्षी नव्या आवाजाला कोण विचारतं? विचारलं ते फक्त एका स्टेशनने, आणि तेही देशाच्या पार खालच्या टोकाला, जिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त आणि झाडापेक्षा काटेरी झुडूप उंच. कान्यादोन ब्लांको नावाचं गाव. फोनवरच मुलाखत झाली. देलियाने आधी गोळी घेतली होती, लोळ आला नाही, काम मिळालं.

तिचा नवरा एर्मेस होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात नदीवर गळ टाकून बसायचा. त्याने ऐकून हातातला पाना खाली ठेवला.

"अगं, डॉक्टर काय म्हणाला? थंडी टाळा, वारा टाळा. आणि तू निघालीस वाऱ्याच्या माहेरी!"

"वाऱ्याच्या माहेरी विमा आहे. इथे ऊन आहे, नदी आहे, तू आहेस. विमा नाही."

"म्हणजे मी विम्याच्या मागे?"

"तू तुझ्या माशांच्या मागे मला उभी करतोस, तेव्हा मी काही म्हणते?"

तो हसला, पण त्या रात्री जेवला नाही. महिन्याभराने घराला कुलूप लावून, शेजारणीने बांधून दिलेल्या चीजच्या छोट्या पावांची, चिपांची, पिशवी मांडीवर घेऊन दोघं बसमध्ये बसले. देलियाने खिडकीकडे उजवा गाल केला होता.

कान्यादोनला उतरल्याबरोबर वाऱ्याने तिच्या हातातली पिशवी हिसकावून नेली. एर्मेस पिशवीमागे धावला, देलिया दोन्ही हातांनी तोंड झाकून भिंतीला टेकली. तिथे गाडीचं दार उघडताना एका हाताने धरून ठेवावं लागायचं, नाहीतर बिजागरीसकट जायचं. बाया रस्त्याने तिरक्या चालायच्या. देलियाने जाड लोकरीचा मफलर डोळ्यांपर्यंत गुंडाळायला सुरुवात केली. तिथे सगळेच गुंडाळत, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. एवढीच त्या गावाची पहिली मेहेरबानी.

विमा सुरू व्हायला तीन महिने लागणार होते आणि ते तीन महिने कामाचीही परीक्षाच होती. पसंत पडली नाही तर स्टेशन तिला परत पाठवू शकत होतं. म्हणून तिने तोंडाला कुलूप लावलं. स्टेशनचा संचालक पालादिनो भला माणूस होता, पण खर्चाच्या काळजीने त्याची झोप कायम अर्धी. त्याला ती म्हणाली, "दाढेचं थोडं चाललंय." प्रसारणाच्या मशीनवर बसणारी सुलेमा तिशीतली, गावातच वाढलेली, जिभेला हाड नसलेली. ती म्हणाली, "मग उपटून टाका ना, देलियाबाई!"

"दोन उपटल्या."

"अरे देवा. तुमची दाढ आहे का सासू, अजून छळतेय?"

देलिया हसली, आणि हसल्याबरोबर लोळ आला. ती खोकल्याचं नाटक करत बाहेर गेली.

काम मात्र तिला पहिल्याच आठवड्यात आवडून गेलं. गाणी, बातम्या हे सगळीकडेच असतं. इथे सकाळी आणि दुपारी निरोप वाचायचे असत. दूर दऱ्याखोऱ्यांत मेंढ्या राखणाऱ्यांकडे फोन पोचत नव्हता, बॅटरीवरचा रेडिओ पोचत होता. गावातले लोक स्टेशनच्या खिडकीशी येऊन निरोप सांगत, सुलेमा लिहून घेई, देलिया वाचे. "अगुआ अमार्गाच्या मोन्सालवे कुटुंबाला: मुलगी झाली, दोघी सुखरूप, नाव अजून ठरत नाही, भांडण चालू आहे." "पिएद्रा पार्तिदाच्या क्लेमेन्तेला: औषध पाठवलंय, ते घोड्यासाठी आहे, तू पिऊ नकोस." मागच्या नोकरीत तिचा आवाज ऐकून लोक टोमॅटो घेता घेता वळून बघत. इथे तिचा आवाज ऐकून लोक खोगीर घालत.

मग जून लागला, तिकडचा हिवाळा. वारा आता फटीतून सुद्धा सुरीसारखा यायचा. सकाळी स्टेशनपर्यंतच्या चालण्यातच दोन-तीनदा लोळ यायचा. देलियाने गोळी वाढवली. एकाची दीड केली, दीडाच्या दोन. लोळ मागे हटला, पण त्याच्या जागी धुकं आलं. जमीन किंचित डुलायची. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि माघारी फिरायचा. एकदा स्वयंपाकघरात ती हात पुढे करून म्हणाली, "एर्मेस, ते दे ना... ते... ज्यात पाणी तापवतात."

"किटली?"

"हां. किटली."

एर्मेसने किटली दिली नाही. हातात धरूनच उभा राहिला. "देलिया, तुझ्या साहेबाला सांग."

"मुदत संपू दे. विमा हातात येऊ दे."

"तोवर तू कप म्हणशील आणि लोक बशी ऐकतील."

"बशी ऐकून कोणी मरत नाही."

हे ती बोलली खरी.

त्या सोमवारी दुपारी तिने सात-आठ निरोप वाचले. त्यात एक होता एल मोये दरीतल्या सेवेरो नाउएल या म्हाताऱ्याला. त्याची बायको फिलोमेना गावच्या इस्पितळात होती, पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. कागदावर होतं: "फिलोमेनाला गुरुवारी सोडतील. रस्त्याच्या फाट्यावर घोडा घेऊन ये. उत्तर नको." देलियाने वाचलं: "फिलोमेनाला मंगळवारी सोडतील." वरच्या निरोपात मेंढ्यांच्या लशीचा मंगळवार होता, तो तिच्या जिभेवर चिकटून राहिला असावा. तिला चूक कळलीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच निरोप पुन्हा वाचला, तो बरोबर वाचला. पण सेवेरो तोवर दोन घोडे घेऊन निघून गेला होता, आणि घोड्यावर रेडिओ नसतो.

म्हातारा मंगळवारी फाट्यावर थांबला, बुधवारीही थांबला. बायको आली नाही. इस्पितळाने ठेवून घेतली असेल असं समजून तो घोडे घेऊन परत फिरला. गुरुवारी गावातल्या एका गाडीवाल्याने फिलोमेनाला फाट्यावर सोडलं. "माझा म्हातारा येतोच आहे, तू जा बाबा," असं तिनेच त्याला सांगितलं. पोटाला टाके, अंगावर पोंचोची एक शाल, आडोशाला एक दिशादर्शक पाटी. अंधार पडायच्या सुमाराला लोकरीचा ट्रक गेला नसता तर गोष्ट तिथेच संपली असती. ट्रकवाल्याने तिला उलटं गावात आणलं. छातीत न्यूमोनिया झाला होता.

शुक्रवारी सकाळी इस्पितळातून स्टेशनला फोन आला. पालादिनो निरोपाचा कागद हातात घेऊन बाहेर आला आणि थेट सुलेमासमोर उभा राहिला.

"हे अक्षर आहे की कोंबडीचे पाय? हा गुरुवार कोणाला वाचता येईल?"

"साहेब, स्पष्ट गुरुवार लिहिलाय."

"स्पष्ट? मग देलियाबाईंनी मंगळवार कसा वाचला? वीस वर्षं वाचतायत त्या. तुला मी किती वेळा सांगितलं, दिवस मोठ्या अक्षरांत लिही म्हणून?"

सुलेमाने देलियाकडे पाहिलं. देलियाच्या हातात माते नावाच्या कडू चहाचा वाडगा होता. अक्षर स्पष्ट होतं, हे तिला चार हातांवरून दिसत होतं. तिने नळी ओठांत धरली आणि गप्प राहिली. मुदत संपायला तीन आठवडे उरले होते. त्या दिवशी तिच्या गालात काहीही दुखलं नाही, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

शनिवार गेला, रविवार गेला. सुलेमा कामापुरतं बोलायची. जिभेला हाड नसलेली पोरगी एकदम मुकी झाल्यासारखी. सोमवारी पाळी आटोपल्यावर देलिया मफलर गुंडाळून इस्पितळात गेली. फिलोमेना उशांना टेकून बसली होती. बारीक, काळीसावळी, पांढरी वेणी पुढे घेतलेली. शेजारी सेवेरो टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. तो उठून उभा राहिला.

"मी रेडिओवरची देलिया," ती म्हणाली.

"कळलं. बोललीस तशी कळलं," फिलोमेना म्हणाली. "जवळून बारीक वाटतो तुझा आवाज."

"मावशी, तो निरोप... सुलेमाने बरोबर लिहिला होता. मी चुकीचा वाचला."

फिलोमेना बराच वेळ खोकली. सेवेरोने तिला पाणी दिलं. मग ती म्हणाली, "का?"

देलियाने सांगितलं. गाल, नस, दाढा, गोळ्या, धुकं, विमा, मुदत, सगळं. एर्मेस आणि डॉक्टर सोडून पहिल्यांदाच कोणाला सांगत होती. सांगता सांगता मध्येच लोळ आला आणि ती पलंगाची लोखंडी दांडी धरून थांबली. डोळ्यांतून पाणी आलं. म्हातारा-म्हातारी बघत राहिले.

"हे ते?" फिलोमेनाने विचारलं.

देलियाने मान हलवली.

"वाईट आहे," म्हातारी म्हणाली. देलियाला वाटलं, आता ती हात पुढे करेल. फिलोमेनाने हात पोंचोखालीच ठेवला. "पण बाई, दुखत होतं तर गप्प बसायचंस. आम्ही म्हटलं असतं, आज रेडिओ बंद. रेडिओ बंद असला की माणूस कुठे जात नाही, घरी बसतो. तू बोललीस म्हणून हा दोन दिवस फाट्यावर उभा राहिला आणि मी एक संध्याकाळ. मी त्या पाटीला पाठ लावून काय म्हणत होते माहीत आहे? म्हणत होते, सेवेरो मेला वाटतं. नाहीतर आला असता."

सेवेरोने टोपी उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"मला माफ करा, मावशी."

"आधी बरी होऊ दे मला. मग बघू."

 बाहेर आल्यावर देलिया इस्पितळाच्या पायरीवर बसून राहिली, वाऱ्यात, मफलर सोडून.

दुसऱ्या दिवशी ती पालादिनोच्या खोलीत गेली आणि जाताना सुलेमालाही बोलावून घेऊन गेली. म्हणाली, "दोघांसमोर एकदाच सांगते, पुन्हा सांगणं मला जमणार नाही." सांगून झाल्यावर पालादिनो कपाळ चोळत बसला. सुलेमा मात्र उसळली.

"चार दिवस मी शिव्या खाल्ल्या! घरी आईला म्हटलं, बहुतेक माझंच अक्षर वाईट. रात्री बसून गुरुवार, गुरुवार लिहून बघितला मी! आणि तुम्ही शेजारी बसून माते पीत होतात."

"हो."

"हो काय? नुसतं हो?"

"दुसरं काय म्हणू? तू म्हणतेस ते खरं आहे."

सुलेमा दार आपटून गेली. वाऱ्याने ते पुन्हा उघडलं, तिने परत येऊन पुन्हा आपटलं.

पालादिनो म्हणाला, "तुम्ही आधी सांगितलं असतंत, तर मी तुम्हाला घेतलं नसतं. खोटं कशाला बोलू? पण आता तुम्ही आहात." त्याने दोन दिवस विचार केला. निरोप सुलेमाने वाचायचे आणि देलियाने खिडकीशी बसून लिहून घ्यायचे, असं ठरवलं. पगार कमी झाला, माईक गेला, नोकरी राहिली. विमाही राहिला. देलियाने मान खाली घालून कबूल केलं.

एर्मेसला मात्र ते सहन झालं नाही. "म्हणजे तुझा आवाजही काढून घेतला? मग राहिलं काय इथे? चल घरी. नदीवर तरी तोंड उघडून बसता येईल तुला."

"ऑपरेशन?"

"ऑपरेशन, ऑपरेशन! इथे आल्यापासून तू घास गिळत नाहीस. दूध आणि सूप. मी तुला हात लावायला घाबरतो, देलिया. झोपेत माझा हात पडेल म्हणून मी भिंतीकडे तोंड करून झोपतो. तुला माहीत तरी आहे का?"

तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मला वाटलं, थंडीमुळे."

तो बस डेपोत इंजिनं दुरुस्त करायचा, पण तिथे त्याचं मन लागलं नव्हतं. नदीशिवाय तो माणूस पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा तडफडत होता, हे देलियाला दिसत होतं आणि ती बघायचं टाळत होती. दोघंही आपापलं दुखणं तोंड दाबून सोसत होते, एकाच छपराखाली.

ऑगस्टमध्ये विम्याची मंजुरी आली. शस्त्रक्रियेसाठी मोठ्या शहरात जावं लागलं. एर्मेस बरोबर होता. सुई गालातून आत गेली, नस जाळली गेली. शुद्धीवर आल्यावर देलियाने सगळ्यात आधी जीभ गालाच्या आतून फिरवली. काही आलं नाही. लोळ आला नाही, पण स्पर्शही आला नाही. अर्धा ओठ, हनुवटी, गाल सगळं लाकूड. पाणी प्यायलं की कोपऱ्यातून ओघळायचं आणि तिला कळायचंही नाही. एर्मेसने रुमालाने पुसलं. मग हळूच, घाबरत, बोट तिच्या डाव्या गालावर ठेवलं.

"कळतंय?"

"नाही," ती म्हणाली. आणि रडली. तो लगेच बोट काढायला लागला, तशी म्हणाली, "असू दे. ठेव."

डॉक्टरने सांगितलं, काही वर्षं तरी हे टिकेल, पुढचं सांगता येत नाही. "प" आणि "ब" उच्चारताना थोडा त्रास होईल. थोडा म्हणजे देलियाच्या धंद्यात पुष्कळ.

कान्यादोनला परतल्यावर तिने दुपारच्या रिकाम्या वेळात सुलेमाला म्हटलं, "रेकॉर्डिंगचं मशीन चालू कर. मला माझा आवाज ऐकायचाय." सुलेमाचा राग पूर्ण गेला नव्हता, पण तिने केलं. देलियाने जुने निरोप वाचले. दोघींनी ऐकलं. आवाज तोच होता, त्याचा खोलपणाही तोच, पण काही शब्द ओल्या लाकडासारखे पडत होते.

"कसं वाटतं?" देलियाने विचारलं. "खरं सांग."

"दोन पेले चढवल्यासारखं," सुलेमा म्हणाली. मग थांबून म्हणाली, "पण दिवस कळतात."

पालादिनोने तिला बातम्या वाचायला द्यायला ठाम नकार दिला. सकाळचे निरोप मात्र तिला परत दिले, एका अटीवर: प्रत्येक निरोपातला दिवस आणि वेळ मागून सुलेमाने पुन्हा वाचायची. देलियाला पहिल्या दिवशी ते शाळकरी पोराला पाढे म्हणायला लावल्यासारखं वाटलं. तिने वाचले. सुलेमाने मागून दिवस वाचले. एकही चूक नव्हती.

सप्टेंबरात, तिकडच्या वसंतात, एर्मेस म्हणाला, "आता ऑपरेशन झालं. चल."

 काही दिवसांनी देलिया म्हणाली, "तिथे मला काम नाही रे. या तोंडाला तिथे कोण उभं करेल? इथे आहे. अर्धं का होईना."

"आणि मी?"

"तू रहा ना."

"मी राहिलो की." तो चिडलेला नव्हता, थकलेला होता. "एक हिवाळा राहिलो."

घराचं छप्पर गळतं, बघून येतो म्हणून तो ऑक्टोबरमध्ये गेला. छप्पर नीट झालं, मग होडी रंगवायची निघाली, मग भावाला मदत. परत कधी येणार, हे नाताळात तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. दर रविवारी फोन असतो. तो मासे सांगतो, ती वारा सांगते. कधीकधी दोघंही काहीच बोलत नाहीत आणि फोन ठेवतही नाहीत.

फिलोमेना केव्हाच बरी होऊन एल मोयेला परतली होती. जाताना ती स्टेशनच्या खिडकीशी आली होती. तिने सेवेरोसाठी निरोप दिला, "उद्या येते" एवढाच, आणि देलिया लिहीत असताना तिच्या पेन्सिलीवर शेवटपर्यंत डोळा ठेवला. माफीबद्दल ती काही बोलली नाही. देलियानेही विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी निरोप वाचत असताना डोळ्याखाली, जिथे जळलेल्या नसेची हद्द संपते तिथे, बारीकशी ठिणगी उडाली. पूर्वीच्या मानाने काहीच नाही. पण देलियाला ती ओळखीची होती. काचेपलीकडे सुलेमाने मान वर केली. देलियाने कागद खाली ठेवला.

"मंडळी, जरा थांबते," ती माईकवर म्हणाली. "गाल दुखतोय."

आणि थांबली. दऱ्याखोऱ्यांत लोक रेडिओजवळ शांत बसून राहिले असतील, किंवा चहाचं पाणी बघायला उठले असतील. सुलेमाने गाणं लावलं नाही, विचारलंही नाही. ठिणगी विझली, की विझल्यासारखी वाटली, तेव्हा देलियाने कागद पुन्हा उचलला आणि पुढचा निरोप पहिल्या शब्दापासून वाचायला घेतला.